बरगडीचा फोटो

कॉलेजातल्या मुळ्ये सरांनी नागपूरकडे सापडलेली डायनासोरची बरगडी आंब्याच्या पेटीत, पेंढ्यात घालून आमच्या एक्स-रे सेंटरवर आणली. ती जिवंतपणी मोडून पुन्हा सांधली होती का, एवढंच त्यांना बघायचं होतं. मी तीन फोटो काढले, तिन्ही हलले.

"महरीन, नीट काढ गो!"

"सर, दगड झालेलं हाड हलेल कसं?"

चौथाही हलला. बाहेर पावस गावाहून आलेले पेशंट खोळंबले होते. वैतागून मी सवयीनं ओरडले, "श्वास घ्या, रोखून धरा!" आणि बटण दाबलं.

फोटो लख्ख आला. सांधलेली जागा स्पष्ट दिसली.

सर बरगडी परत पेटीत ठेवायला लागले. मावेना. पेंढा काढला तरी मावेना.

तेव्हा मला आठवलं, "सोडा" म्हणायचं राहिलंय.