सातवा मुद्दा

"पाच मिनिटं थांबू," सुई बाजूला ठेवत दाताचे डॉक्टर म्हणाले. "ओठ जड झाला की सांगा."

खुर्चीत आडवा पडलेला माणूस विधानसभेचा उमेदवार होता. संध्याकाळी त्याची मोठी सभा होती आणि दाढेने नेमका आजचाच मुहूर्त धरला होता. पायाशी स्टुलावर त्याचा कार्यकर्ता बसला होता, मांडीवर पत्रक. पाच मिनिटं फुकट जाताना त्याला बघवेना.

"दादा, तेवढ्यात घोकून घेऊ. पाणी?"

"प्रत्येक घरात, रोज, पुरेशा दाबाने."

"रस्ते?"

"खड्डा पडला तर ठेकेदाराच्या खिशातून."

"हे आवडतं लोकांना. इथे जरा थांबायचं, टाळी येते."

मदतनीस बाई ट्रेमध्ये अवजारं मांडत होती. मागच्या बारक्या खोलीत, अवजारं उकळायच्या यंत्राशेजारी, तिची चार वर्षांची लेक उपड्या बादलीवर बसली होती. हलायचं नाही, बोलायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. महिना झाला, ती तशीच बसत होती. आज सकाळी डॉक्टरांनी बाईला बाजूला बोलावलं होतं. "मी कधी काही म्हटलं का, ताई? पण इथे सुया, औषधं. उद्या काही झालं म्हणजे? सोमवारपासून तिची सोय बघा. नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल." ते रागावून बोलले नव्हते. त्यामुळे तिला रडूही आलं नाही. "बरं," म्हणून ती कामाला लागली होती.

"सातवा मुद्दा," कार्यकर्ता म्हणाला. "महिला."

"प्रत्येक वस्तीत पाळणाघर." शब्द ओठातून धड निघेना. उमेदवाराने बोटाने ओठ दाबून पाहिला आणि डॉक्टरांकडे बघून मान हलवली.

डॉक्टरांनी दिवा खाली ओढला. बाईने उमेदवाराच्या तोंडात थुंकी ओढायची नळी धरली.

"आमच्या वस्तीत होतं पाळणाघर," ती म्हणाली.

नळी सुरसुरत राहिली.

"पिवळ्या इमारतीत, तळमजल्याला. तिथे आता तुमचं प्रचार कार्यालय आहे. भिंतीवरचे ससे आहेत अजून. त्यांच्या कानांपर्यंत पत्रकांचे गठ्ठे लागलेत."

तक्रार म्हणून नव्हे, कुणाला पत्ता सांगावा तसं ती बोलली. उमेदवाराचे डोळे तिच्याकडे वळले. ते ससे त्याच्या रोजच्या बघण्यातले असावेत. पण तोंडात नळी होती, आरसा होता, डॉक्टरांची दोन बोटं होती.

"अहो ताई, मालकाने आपणहून दिली ती जागा," कार्यकर्ता म्हणाला. "आणि आम्ही काय कायमची धरून बसणार आहोत? निकाल लागू दे. मग एक काय, दहा पाळणाघरं घ्या."

"दहा नकोत. सोमवारी एक हवंय."

"राहू दे आता, ताई," डॉक्टर वर न बघता म्हणाले. "दादा, आ मोठा करा. दुखलं तर हात वर करायचा."

उमेदवाराचे हात पोटावर होते. दाढ कोरून होईपर्यंत ते तिथेच राहिले. डोळ्यांच्या कडांना तेवढं पाणी आलं. दिवा फार जवळ होता.

"चूळ भरा."

त्याने चूळ भरली. निम्मं पाणी हनुवटीवरून गळ्यात ओघळलं, त्याला पत्ताच नाही. बाईने रुमाल घेऊन हनुवटी पुसली, गळ्याचा खळगा पुसला, मग ओठाचा कोपरा पुन्हा एकदा, घरी पुसते तसा. त्याने मुकाट्याने पुसू दिलं. आणि मग एकदम तो काहीतरी लांबलचक बोलला. अर्धा ओठ हलला, अर्धा होता तसाच राहिला.

"दादा म्हणतायत, तुमचं काम मनावर घेतलं," कार्यकर्त्याने बाईला सांगितलं.

"भूल उतरेल हो संध्याकाळपर्यंत," डॉक्टर हात धुता धुता म्हणाले. "खुशाल करा भाषण."

उमेदवाराने हायसं वाटून मान डोलावली.

"तोवर काही खाऊ नका," बाई म्हणाली. "ओठ चावला गेला तरी आत्ता कळायचं नाही." हे ती सगळ्यांनाच सांगायची. ट्रे उचलून ती आत गेली.

लेक बादलीवरच होती, एक पाय अंगाखाली दुमडून. आईला बघून हसली, पण उठली नाही.

"मी हललेच नाही," ती कुजबुजली. "आई, माझा पाय कळत नाहीये."

बाईने ट्रे ठेवला. हातमोजे काढले, हात धुतले, पुसले. मग ती खाली फरशीवर बसली, लेकीचा पाय हळूच मोकळा करून मांडीवर घेतला आणि तळव्याला अंगठ्यांनी दाबू लागली. पलीकडे कार्यकर्त्याने पहिल्यापासून सुरुवात केली होती. "पाणी?"

"कळतंय?" तिने विचारलं.

"नाही."

तिने जरा जोर लावला. "आता?"

लेक वाकून आईच्या अंगठ्यांकडे बघत राहिली.

"नाही," ती म्हणाली. "नुसतं दिसतंय."