कोठीतला लांडगा

बाजरी काढायला संभाजीनं कोठीत हात घातला आणि हाताला केस लागले.

तो असा काही ओरडला की अंगणात बाजेवर बसलेल्या त्याच्या वडलांच्या, आबांच्या, हातातला चहा हिंदकळला. संभाजीनं धीर करून केस धरून ओढले, तर कोठीतून लांडग्याचं मुंडकं वर आलं. पिवळे डोळे, करडे केस, लाल कापडाची जीभ. जनावर खोटं आहे हे कळायला त्याला जरा वेळ लागला. मग मात्र भ्यालेल्या माणसाला येतो तसला राग त्याला आला.

"पप्पा, माझं हाय ते," दारातून स्वरूपा म्हणाली. तिच्या खांद्याला पिशवी होती. साडेआठची पुण्याची एसटी गाठायला ती निघालीच होती.

बारामतीच्या कपड्याच्या कंपनीत ती शिलाईला जायची. कामावरून आल्यावर सहा महिने खपून तिनं हे मुंडकं शिवलं आणि कोठीत लपवलं होतं. रिकामी होत आलेली कोठी घरात कुणी उघडत नाही, असा तिचा हिशोब. बाजरीच्या भाकरीची बापाला अशी अचानक आठवण होईल, हे तिच्या ध्यानात नव्हतं.

"कशाला केलंस हे?"

"ज्यांना मनातनं एखादं जनावर जवळचं वाटतं, ते त्याचं रूप घेत्यात, पप्पा. कुणी चित्रं काढतं, कुणी आख्खं सोंग शिवतं. त्यांना फरी म्हणत्यात. मी बी फरी हाय. आज पुण्यात आमी पंधराजण भेटणार हाय. पैल्यांदाच."

"माणसाच्या जल्माला येऊन जनावर व्हायचंय? आन् त्यात बी लांडगा! ह्याच्यामागं दगूड घिऊन पळण्यात आबांची निम्मी उमर गेली. चुलीतच घालतो."

न्हाणीपुढं पाण्याची चूल पेटलेली होती. संभाजी तिकडं चालू लागला. स्वरूपाच्या तोंडून शब्द फुटेना. तिचं नेहमीच असं व्हायचं.

"आण हिकडं," आबा म्हणाले.

चूल आणि बाज यांच्या मधोमध संभाजी थांबला. मग त्यानं मुंडकं आबांच्या मांडीवर नेऊन ठेवलं. जोतीरामआबांनी पन्नास वर्षं सुप्याच्या माळावर मेंढरं राखलेली. त्यांनी मुंडक्याचा जबडा उघडून पाहिला, कानामागं बोटं फिरवली.

"आपल्या माळावरल्याला एवढी केसं नसत्यात," ते म्हणाले. "ह्यो थंडीकडचा दिसतोय. नाक मातूर झ्याक जमलंय."

स्वरूपाला हसावं की रडावं कळेना.

"पोरी, तुला खरंच वाटतं व्हय, तू लांडगा हायेस म्हणून?"

"न्हाय आबा. माणूसच हाय मी. पर चार माणसांत माझा आवाज फुटत न्हाय. ह्यात डोकं घातलं की भ्या जातं. नाचते, मोठ्यानं हसते. ह्यात मी जरा जास्त मी असते."

मुंडक्याच्या केसांत अडकलेला बाजरीचा एक दाणा आबांनी नखानं काढला.

"संभाजी, चंपाषष्ठीला मी काय करतो रं?"

सांगण्यासारखं नवीन काय होतं त्यात? आबा खंडोबाचे वाघ्या. चंपाषष्ठीला कोटंब्यात, त्या चौकोनी लाकडी भांड्यात, भरीत-रोडगा वाढला की आबा हातापायांवर ओणवे होत, देवाच्या कुत्र्यासारखे भुंकत आणि हात न लावता तोंडानं खात. भंडारा उधळत सगळी भावकी उभी असे आणि पहिला पाया पडायचा मान संभाजीचा.

"ते देवाचं हाय, आबा," संभाजी म्हणाला.

"देवाचंच हाय. खोटं न्हाय त्यात." आबांनी मुंडक्यावर हात ठेवला. "पर वर्सातला तेवढाच येळ मी कुणाचा बाप नसतो, कुणाचा चुलता नसतो. भुकून उठलो की छाती हलकी हुती. काय हुतं ते मला कधी सांगायला आलं न्हाय. आज हिनं सांगितलं. बरं वाटलं."

स्वरूपानं वाकून आबांचे पाय धरले. गेली दोन वर्षं मोबाईलवर अनोळखी लोकांत ती आपलं माणूस शोधत होती, आणि ते अंगणातच बाजेवर बसलं होतं. आबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

संभाजीनं मुंडकं उचललं. स्वरूपानं चुलीकडं पाहिलं. पण तो पायरीवर बसला आणि केसांतली बाजरी एकेक दाणा करून टिपू लागला. टिपून झाल्यावर त्यानं आतून आबांची धुवून ठेवलेली घोंगडी आणली. मुंडकं तीत गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "असं उघडं दिसलं तर एसटीत ह्याला कोण जागा देणार हाय? चल, स्टँडवर सोडतो."

त्यानं मोटारसायकल काढली. स्वरूपा मागं बसली, घोंगडीतला लांडगा मांडीवर.

गाडी फाटकापाशी आली तेव्हा मागून आबा भुंकले. एकदा, मग पुन्हा एकदा, चांगलं खणखणीत. चंपाषष्ठीला अजून चार महिने होते.

संभाजीनं ब्रेक दाबला. मागं वळून न पाहताच तो म्हणाला, "आगं, आबा हाक मारत्यात. ओ दे की."