अकलेचा पुरावा

हैबतराव मूर्ख नव्हते, हे प्रविणला आज गावासमोर सिद्ध करायचं होतं.

कारगिलची लढाई संपून पंधरवडा झाला होता. पंधरा ऑगस्टला पेणहून पुढारी येणार होते. त्यांच्या हस्ते गावच्या नितेश या जवानाबरोबर एकाहत्तरच्या लढाईच्या वेळचे सरपंच हैबतराव यांचाही सत्कार करावा, अशी कल्पना प्रविणने काढली. डोलवीच्या कंपनीत शिफ्ट करून उरलेल्या वेळात तो पक्षाचं काम करी. त्याची कल्पना ऐकून देवळात जमलेली माणसं हसली.

हसणारच. हैबतराव म्हणजे गावाची ठेवणीतली चेष्टा. कोणी सदरा उलटा घातला तरी ‘हैबतराव झालास काय रं’ म्हणायचे. धरमतरच्या खाडीवरचं हे गाव बांधाच्या जिवावर जगतं. उधाण असलं की ज्याची पाळी तो कंदील घेऊन बांधावर फिरतो, खेकड्यांच्या बिळांतून पाणी आत येतंय का बघतो. एकाहत्तरच्या लढाईत सरकारी हुकमाप्रमाणे हैबतरावांनी गावातले दिवे बंद करवले, बांधावरचा कंदीलसुद्धा. लढाई लागली तेव्हा पुनव होती, चांदण्यात निभावलं. लढाई थांबली ती अवसेला. गावात रेडिओ एकच, तो हैबतरावांच्या घरी, आणि त्यांना म्हणे बातमीच समजली नाही. कंदील बंदच राहिला. त्या रात्री उधाणाने बांध फोडला. पाळी कान्हूची होती. तो सकाळी चिखलात सापडला.

कान्हूची बायको पुतळी खांबाला टेकून बसली होती.

“करा सत्कार,” ती म्हणाली. “येड्याचा राग काय धरायचा?”

अठ्ठावीस वर्षं ती हेच म्हणत आली होती. हैबतरावांशी सरळ तोंडाने बोलणारी गावात ती एकटीच होती.

“येडे कसले, आजी?” प्रविणने हैबतरावांकडे हात केला आणि पिशवीतून एक जुनी वही काढली. “आबांनी काल स्वतः ट्रंकेतून काढून दिली. लढाईच्या रोजच्या बातम्या. रेडिओवर ऐकून लिहिलेल्या. ऐका.”

तो वाचू लागला. पाच डिसेंबर, कराचीच्या बंदरावर आपल्या आरमाराचा हल्ला. सहा डिसेंबर, बांगलादेशाला मान्यता. पानावर एक खाडाखोड नव्हती. बातमी सकाळची का संध्याकाळची, तेही लिहिलेलं. हसू हळूहळू थांबलं. आत्ताचा सरपंच दत्तात्रेय वही डोळ्यांजवळ धरून म्हणाला, “मास्तरालाबी इतकं नीट जमलं नसतं.”

पुढच्या सतरंजीवर बसलेले हैबतराव ताठ झाले. ऐंशीला टेकलेल्या माणसाने इतका मोठा श्वास घेतलेला गावाने पाहिला नव्हता.

प्रविणला चेव आला. त्याने शेवटचं पान उघडलं आणि भाषणाच्या आवाजात वाचलं, “सतरा डिसेंबर. संध्याकाळच्या बातम्या. आज रात्री आठपासून लढाई सगळीकडे बंद.”

त्याने टाळीसाठी वर पाहिलं. कोणी वाजवली नाही.

“तारीक परत वाच,” पुतळी म्हणाली.

त्याने वाचली. या वेळी आवाज लहान झाला होता.

“त्याच रातची अवस,” पुतळी हैबतरावांकडे वळून म्हणाली. “भाकर खाऊन कान्हू तुझ्या दारात आला व्हता, दादा. कंदील लावू का, इचारायला. तू नाय म्हणलास.”

“आजी, आबांनी हे नंतर लिहिलं असेल,” प्रविण घाईने म्हणाला. “दुसऱ्या दिवशी पेणहून कळल्यावर. हो ना, आबा?”

सगळे हैबतरावांकडे बघत होते. नुसतं ‘व्हय’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. सत्कार झाला असता, पुढाऱ्यांबरोबर फोटो निघाला असता, आणि गाव पुन्हा हसायला मोकळं झालं असतं.

हैबतरावांनी हात लांब करून वही मागून घेतली.

“नंतर नाय,” ते म्हणाले. “ऐकता ऐकता लिवलंय. माझ्या हातून बातमी कधी चुकली नाय.”

“मंग कंदील का लावू दिला नाय?” पुतळीने विचारलं.

हैबतराव वहीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, “चौदा राती. मी काळोख म्हणलं की आख्खा गाव काळोखात बसायचा. कुनाच्या चुलीतला इंगळबी दिसायचा नाय. एवढं कलेक्टरचं तरी कोन ऐकतं? बातमी लागली तवा वाटलं, आजची एक रात ऱ्हाऊ दे. उद्या सांगू.”

दत्तात्रेय खाली बघू लागला. प्रविणने रिकामी पिशवी उगीचच घडी घातली.

येड्याच्या हातून झालं, एवढ्या एका समजुतीवर पुतळीने दिवस काढले होते. मुलं वाढवली, मिठागरावर टोपल्या वाहिल्या, याच माणसाच्या घरी सणाला पुरणपोळी पाठवली. तिला रडू आलं नाही. नवरा आजच गेल्यासारखं तिला वाटलं. ती खांबाला धरून उठली आणि दाराकडे निघाली.

“पुतळे!” हैबतराव धडपडत उभे राहिले. वही सतरंजीवर पडली. “मला येडा म्हण गो. म्हणतेस तसंच म्हण.”

पुतळी पायरीवर थांबली.

“आता कसं म्हणू, दादा?” ती म्हणाली. “तू तर हुशार निघालास.”