कुणाचा धूर

मागच्या ग्रामसभेत धूर सोडणाऱ्यावर कर बसवायला गावानं एकमतानं हात वर केले होते. कर साखर कारखान्यालाच बसणार, याची सगळ्यांना खात्री होती. मग श्वासयंत्र आलं. त्यात फुंकलं की छातीत कुणाचा धूर साठलाय, ते नाव उमटायचं.

आजच्या सभेत पद्माच्या लेकीनं, समीक्षानं, खोकत खोकत फुंकलं आणि नाव उमटलं, "बाळगोंडा पाटील, गुऱ्हाळ." बाळगोंडा पद्माचा सख्खा भाऊ. जळणाला उसाची चिपाडं पुरेनात म्हणून तो काहिलीखालच्या चुलवाणात टायर जाळायचा. गावाला ते ठाऊक होतं, पण त्याच्या गुऱ्हाळावरून ताजा गूळ खाल्ल्याशिवाय कुणी परतत नसे.

सरपंचांनी करावर पुन्हा मत विचारलं. एकाचाही हात हलेना.

"आक्का, माझं गुऱ्हाळ बंद पडंल," बाळगोंडा पुटपुटला.

"आणि पोरीचा दम बंद पडला म्हंजे?" पद्मानं हात वर केला. "कारखान्याच्या वेळी दोन्ही हात वर केलेलास की रं!"

बाळगोंडानं भाचीकडं पाहिलं. मग त्याचाही हात वर गेला.

बाकीचे हात मात्र खालीच राहिले. अंघोळीच्या बंबात प्लॅस्टिक घरोघरी जळत होतं, आणि त्यांची पोरं यंत्रात फुंकायची अजून बाकी होती.