शुक्रवारची गाडी

"पांढरी सोडून काहीही दाखवा," भागवत म्हणाला.

मच्छिंद्रनं कपाळाला हात लावला. जालन्यात जुन्या गाड्या विकता विकता त्याचे केस पिकले होते, आणि त्याच्या पटांगणात उभ्या गाड्या जवळपास सगळ्या पांढऱ्याच होत्या.

"अहो, पांढरी गाडी तापत न्हाई, इकायला काढली की लगेच उठती. लोक पांढरीसाठी भांडून राह्यले अन् तुम्ही उलटंच मागता!"

"लांबून दिसली पाह्यजे. शंभर गाड्यांत ओळखू आली पाह्यजे."

भागवतची आधीची गाडी फाटकाशी उभी होती. टोचन लावून आणलेली. पिवळीजर्द, बसकी, दोनच दारांची, डिझेलवर पळणारी. मंठा रोडवर एकेकाळी भल्याभल्यांना मागं टाकायची. आता इंजिन बसलं होतं आणि तिचे पार्ट मिळणंही बंद झालं होतं.

मच्छिंद्रनं कागद चाळले. "ही तुमच्या नावावर न्हाई."

"भावाच्या नावावर हाय. घरच्यांची सही आणून देतो."

"बरं. पण एवढी रंगाची हौस कोणाला? वहिनींना का?"

"वाटूरला अण्णा हायेत," भागवत म्हणाला. "त्यांना दिसत न्हाई."

रखमाजी अण्णांचे डोळे काचबिंदूनं नेले होते. चेहरे कधीच पुसले गेले, रंगाचा ठिपका तेवढा कळायचा. कानांचंही तेच. त्यांच्याशी बोलायचं तर बायकोनं, गिरिजाबाईंनीच, कानाला तोंड लावून. दर शुक्रवारी दुपारी ते दारात खुर्ची टाकून बसत. वळणावर पिवळा ठिपका दिसला की काठी टेकत उठत आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडत, "बापू आला!" भागवत उतरून आधी त्यांच्या पायांवर डोकं ठेवायचा, मग आठवड्याच्या गोळ्या हातात द्यायचा, मग शेजारी बसून चहा प्यायचा. एवढंच. पण या एवढ्यावर अण्णांचा आठवडा निघतो, असं गिरिजाबाई म्हणायच्या.

मागच्या शुक्रवारी गाडी अर्ध्या वाटेत बंद पडली. अण्णा अंधार पडेपर्यंत खुर्चीतून हलले नाहीत आणि उपाशीच झोपले. भागवत एसटीनं जायला निघाला होता, पण फोनवर गिरिजाबाई रडकुंडीला आल्या. "गाडीबिगर नको येऊ रे. पायी आलास तर इचारतील, हा कोण? मंग मी काय सांगू?" अण्णांचं काळीज नाजूक झालंय, धक्का सोसणार नाही, हे डॉक्टरनं दोघांनाही बजावलं होतं.

"वडलांसाठी एवढं करणारा माणूस आजकाल कुठं सापडतो?" मच्छिंद्र कौतुकानं म्हणाला.

भागवत पुढच्या गाडीकडे वळला.

लग्नाच्या वरातीत फिरलेली एक निळी गाडी होती. निळा रंग कलत्या उन्हात काळा दिसेल, म्हणून ती गेली. पोपटी जीप चांगली होती, पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर उभी; तिच्यात ती मिसळून जाईल. लाल गोलमटोल गाडीवर मच्छिंद्रचा फार जीव होता.

"लाल नको. एसटी लाल असती. अण्णा प्रत्येक एसटीला उठून उभे राह्यतील."

मच्छिंद्र खो खो हसला. भागवतला हसू आलं नाही.

शेवटी कोपऱ्यात एक नारिंगी गाडी निघाली. चौकोनी, उंच, टपावर सामानाची जाळी. अशी दुसरी गाडी अख्ख्या जिल्ह्यात नसेल. पिवळ्याच्या त्यातल्या त्यात जवळची. "आज चालवून पाहतो, उद्या सांगतो," भागवत म्हणाला. शुक्रवारच होता.

तो वाटूरच्या रस्त्याला लागला. पूर्वी या रस्त्यानं तो दोस्ताच्या शेजारच्या सीटवर बसून यायचा, गप्पा मारत, शेंगा खात. स्टिअरिंग त्याच्याकडे येऊन दोन वर्षं झाली होती. अण्णांनी ओळखलं नाही तर? उठलेच नाहीत तर? त्यानं एकदा गाडी बाजूला घेऊन पाणी प्यायलं. परत फिरावं असंही वाटलं. पण सलग दुसरा शुक्रवार चुकवणं त्याच्यानं झालं नसतं.

वळण आलं. दारात खुर्ची होती, खुर्चीत अण्णा होते. भागवतनं वेग कमी केला, हॉर्न वाजवला.

अण्णा उठले नाहीत.

उंबऱ्यात उभ्या गिरिजाबाईंचा चेहरा पार उतरला. भागवत उतरला आणि नेहमीसारखा अण्णांच्या पायांवर वाकला. गिरिजाबाई धावत आल्या, अण्णांच्या कानाशी ओरडल्या, "बापूनं गाडी बदलली हो! नारिंगी घेतली!"

"बरं बरं," अण्णा म्हणाले. "तू चहा ठेव जाय."

त्या जाईनात. "जाय म्हणतो ना," अण्णांनी पुन्हा सांगितलं, तेव्हा कुठं मागं बघत बघत त्या आत गेल्या.

अण्णांनी चाचपडत भागवतचा खांदा शोधला. त्याला जवळ ओढून, आत ऐकू जाणार नाही अशा बेतानं ते म्हणाले,

"रंग कोणता बी घे, भागवत, पण येत जाय. आमचा बापू जित्ता होता तवा त्यानं एकदा बी माझ्या पायाला हात लावला न्हाई."