इमर्जन्सी नंबर

चांदे गावातल्या कंपनीतून केमिकलची बाटली परदेशी कुरियरने पाठवायची, तर सोबतच्या कागदांवर एक इमर्जन्सी नंबर लागतो. वाटेत काही सांडलं, तर तो फोन मध्यरात्रीसुद्धा कुणीतरी उचलायलाच हवा. स्वतःचा नंबर द्यायला ऑफिसात कुणी तयार होईना. "फोन वाजला की घरचे उठतात हो," जो तो म्हणाला.

केमिस्ट बोधनकर सर परभणीहून येऊन इथे एकटेच राहायचे. ते म्हणाले, "माझा टाका. माझ्याकडे उठायला कुणी नाही."

तेव्हापासून जगभर गेलेल्या प्रत्येक खोक्यासोबत सरांचा नंबर गेला. फोन क्वचितच यायचा, पण सर पहिल्याच रिंगला उचलायचे आणि उत्साहाने विचारायचे, "बोला, काय सांडलंय?"

काल हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये सरांची स्कूटर घसरली आणि पाय मोडला. हॉस्पिटलमध्ये गुंगीचं इंजेक्शन देऊन झाल्यावर सिस्टरने विचारलं, "काका, तुमचा इमर्जन्सी नंबर सांगा." सरांनी डोळे मिटूनच तो घडाघडा सांगितला. सिस्टरने लगेच लावला.



उशाशी सरांचाच फोन वाजला. त्यांनी चाचपडत उचलला आणि म्हणाले, "बोला, काय सांडलंय?"