अप्पांचा जॉइंट

"ती वायर कापू नका अजून," गुरुबसप्पा गच्चीवर येत म्हणाले. "आदी जॉइंट उघडून बघू. कुटं चुकलं ते तरी कळंल."

फायबर जोडायला आलेला अमृत थांबला. नवी केबल त्यानं खांबावरून खाली सोमेशच्या खोलीपर्यंत नेली होती, राउटरचे दिवेही लागले होते. जुनी टेलिफोनची वायर तेवढी काढून टाकायची राहिली होती. त्याला पुढं अजून दोन घरं करायची होती. पण सत्तरी ओलांडलेला माणूस कठड्याला धरून जिना चढून आलेला. त्याला नाही कसं म्हणायचं?

"अप्पा, राहू द्या की," त्यांचा मुलगा सोमेश म्हणाला. "आता काय करायचंय बघून?"

"तुला न्हाय करायचं. मला करायचंय."

गुरुबसप्पा टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं लाइनमन होते. शुक्रवार पेठेतल्या निम्म्या घरांत फोन त्यांनीच बसवलेले. स्वतःच्या घराची लाइनही त्यांनीच ओढलेली, आणि तिच्यावरच घरातलं नेट चालायचं. चालायचं म्हणजे रांगायचं. पुण्याच्या ऑफिसची मीटिंग सुरू झाली की सोमेशचा चेहरा पडद्यावर गोठायचा आणि साहेब विचारायचे, सोमेश, आहेस का? एक्स्चेंजमधल्या माणसानं त्याला स्पष्ट सांगितलं होतं: वायरीत काही दोष नाही, तांब्याच्या तारेवरून येतं तेवढंच येतं, जास्त पाहिजे तर फायबर घ्या.

घरात हे सांगितलं की अप्पा उसळायचे. तांब्याला नावं ठेवलेली त्यांना खपायची नाहीत. शेवटी एकदा जेवताना, वाद मिटावा म्हणून सोमेशच्या तोंडून निघून गेलं, "एक्स्चेंजचा माणूस म्हणाला, गच्चीवरचा जॉइंट खराब हाय."

वाद तिथंच मिटला. अप्पांनी अर्ध्या जेवणातून उठून हात धुतले आणि शिडी काढली.

मग दोन महिन्यांत त्यांनी तो जॉइंट तीनदा तोडून नवा केला. तेही सोलापूरच्या उन्हाळ्यात. दर वेळी घामानं निथळत खाली येऊन विचारायचे, "बघ, आता पळतंय का?" सोमेश मोडेमकडं बघून नाही म्हणायचा. तेवढं तरी खोटं नव्हतं, म्हणून सोपं जायचं. परवा अप्पा आपण होऊन म्हणाले, "घे बाबा तुझं फायबर. माझा हात गेला आता."

अमृत शिडीवर चढला. अप्पांनी खालून शिडी धरली. लोखंडी पाइपावरच्या डबीतून त्यानं जॉइंट कापून खाली आणला आणि काळी टेप सोडवायला बसला. टेप अशी घट्ट बसलेली की चांगली पाच मिनिटं गेली. आतलं तांबं घासलेल्या कळशीसारखं लखलखत होतं. पिळे एकाला एक लागून, एकसारखे.

"काका, असला जॉइंट आमच्यात कुणाला जमत न्हाय," अमृत म्हणाला. "लई भारी हाय की हे."

अप्पांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. म्हाताऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून लोक बोलतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी जॉइंट हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, उन्हाकडं धरून फिरवला, नखानं खरवडून पाहिला. मग सोमेशपुढं धरला.

"इल्ली नोडो," ते म्हणाले. जिव्हारी लागलेलं काही असलं की ते कन्नडवर यायचे. "हितं बघ. तुझे डोळे चांगले हायत. कुटं गंजून हिरवं पडलंय का? मला तर काय दिसंना."

सोमेशनं जॉइंट घेतला. तो उन्हानं तापला होता. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. अप्पा, जॉइंट चांगला होता, मीच खोटं बोललो, एवढंच म्हणायचं होतं. पण शिडीवरून घसरल्याची अप्पांच्या कोपरावरची खपली अजून निघाली नव्हती, आणि ती त्याच्या अगदी डोळ्यांसमोर होती. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. इतकी, की खरं बोलायला जीभ रेटेना.

"व्हय," तो म्हणाला. "हितं जरासं हिरवं हाय."

अमृतनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. मग तो जुनी वायर गुंडाळायला लागला.

"तरीच," अप्पा म्हणाले.

खालून सोमेशच्या बायकोची, सिद्धेश्वरीची हाक आली. "अहो, बघायला या की! लई पळतंय!"

अप्पांनी बंडीच्या खिशातून आपली पक्कड काढली. मुठीवरचं रबर झिजून गुळगुळीत झालेली, खात्यातली. ती त्यांनी अमृतच्या पिशवीत ठेवली आणि कठड्याशी जाऊन उभे राहिले. समोर पेठेतली घरं होती, आणि खांबाखांबांवरून घरोघर गेलेल्या जुन्या काळ्या वायरी.

"सगळे जॉइंट ह्याच हातानं केलेत," ते म्हणाले. "पर लोकांनी कदी तक्रार केली न्हाय बघ. चांगली माणसं. घेतलं असंल चालवून."